काच किती वाकेल? आधी जाडी मोजा

फसाडच्या, म्हणजे इमारतीच्या बाहेरच्या दर्शनी भागाच्या, कामात नवा होतो तेव्हा एका मोठ्या खिडकीची काच वाऱ्याने फार वाकते, अशी तक्रार आली. मी लगेच म्हणालो, टफन्ड (तापवून झटकन गार केलेली) काच लावूया. आमच्या सरांनी विचारलं, "जाडी तीच ना? मग वाकणंही तेवढंच." टफन्ड काच चार-पाचपट मजबूत असते, पण यंग मॉड्युलस, म्हणजे पदार्थ ताणायला किती कठीण याचं माप, साध्या काचेइतकाच, सुमारे ७० गिगापास्कल. फुटायला जोर जास्त लागतो, वाकायला नाही. नव्याने येणाऱ्यांना मी हे पहिल्याच दिवशी सांगतो.

प्लेटचा ताठपणा जाडीच्या घनावर चालतो. मॉड्युलस गुणिले जाडीचा घन, भागिले १२ गुणिले (१ वजा पॉयसन गुणोत्तराचा वर्ग). पॉयसन गुणोत्तर म्हणजे एका दिशेने ताणल्यावर पदार्थ आडवा किती आकसतो ते प्रमाण; काचेचं ०.२२ धरा. ६ मिमी काचेला उत्तर येतं साधारण १३२० न्यूटन-मीटर. चारही कडा नुसत्या टेकलेली १ मीटरची चौरस काच १ किलोपास्कल भाराखाली मधोमध ३ मिमीच्या आसपास वाकते.

हे एकदा हाताने करून बघा. मी चौकटीवर रबराची पट्टी लावून काच ठेवली, खालून मध्यावर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं यंत्र) टेकवला, शून्य केला आणि १०० किलो कोरडी वाळू, म्हणजे जवळपास १ किलोपास्कल भार, हळूहळू सारखी पसरली. काटा ३.४ मिमीवर थांबला. गणित चुकलं असं वाटून दोनदा तपासलं. मग मायक्रोमीटर लावला, तर '६ मिमी'ची काच ५.८ निघाली. तेवढ्या फरकाने ताठपणा दहा टक्के घटतो. नवं उत्तर ३.३. शिवाय कोपरे रबरावरून किंचित उचलले गेले होते, खालून कागदाचा कपटा सहज सरकत होता. कोपरे दाबून धरलेले नसले की मधला भाग थोडा जास्तच वाकतो. कडा घट्ट आवळल्या तर वाकणं जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर येतं, पण प्रत्यक्ष चौकटीत रबर असतं, म्हणून तो आकडा धरू नका.

वाकणं जाडीच्या पुढे गेलं की काच पडद्यासारखी ताणली जाते आणि हे साधं सूत्र वाकणं फुगवून दाखवतं. तिथे हा ताण धरणारं नॉन-लिनिअर गणित करा.

लॅमिनेटेडमध्ये, म्हणजे मध्ये प्लास्टिकचा थर घालून चिकटवलेल्या काचांमध्ये, जास्त जपा. ६ अधिक ६ मिमीच्या दोन काचा पूर्ण एकजीव असतील तर ताठपणा एका काचेच्या ८ पट, सुट्या असतील तर फक्त २ पट. मधला पीव्हीबी या प्लास्टिकचा थर उन्हाने आणि भार जास्त वेळ राहिल्याने मऊ पडतो. नागपूरच्या मे महिन्यातली पश्चिमेकडची काच मी दोन सुट्या काचा धरूनच मोजतो.