मनाली-लेहला सायकलने जाताय? बारालाचाच्या दिवशी या चुका टाळा

उन्हाळा संपत आला की इंदूरच्या सायकलवाल्यांमध्ये कोणीतरी मनाली-लेहचा विषय काढतंच, आणि मग सिमरोलचा घाट, जाम गेट, जानापाव अशा चकरा सुरू होतात. सराव हवाच. पण पायांत दम असलेल्या ग्रुपचाही वरती दिवस बिघडतो, आणि तो बिघडतो वेळेच्या चुकीच्या हिशोबाने आणि एकमेकांपासून पांगल्यामुळे. मनाली-लेह रस्त्यावरचा, बारालाचा खिंड ओलांडणारा जिस्पा ते सरचू हा टप्पा धरून सांगतो, कारण त्यात सगळंच येतं.

किलोमीटर बघून टप्पा ठरवू नका

जिस्पा-सरचू साधारण 85 किलोमीटर. इथे मांडूला जाणाऱ्याला वाटतं, एका दिवसात आरामात होईल. पण इंदूर आहे जेमतेम 550 मीटरवर, जिस्पा सुमारे 3,200 वर आणि बारालाचा खिंड सुमारे 4,890 वर, म्हणजे सामानासकट जवळजवळ 1,700 मीटर चढायचं, तेही जिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडासाच जास्त असतो. त्याहून मोठी गोष्ट झोपेची. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर रात्री झोपायच्या जागेची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असं डॉक्टर सांगतात, आणि सरचू आहे 4,290 च्या आसपास, म्हणजे एका रात्रीत त्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त उडी. मधे दीपकताल-पत्सेओच्या बाजूला, 3,800 च्या आसपास, एक रात्र काढा, म्हणजे उडी साधारण 600 आणि 500 अशी वाटली जाते, मर्यादेच्या बरीच जवळ. सुट्टीचा एक दिवस जास्त जाईल, जाऊ द्या.

उशिरा निघू नका

चहा, फोटो, सामान बांधणं यात नऊ वाजतात आणि मग दिवसभर मागेच राहतो. पहाटे बर्फ गोठलेलं असतं म्हणून नाल्यांना पाणी कमी, दुपारी तेच वितळून रस्त्यावर येतं आणि सकाळी घोट्यापर्यंत असलेला नाला गुडघ्यापर्यंत चढतो. दुपारनंतर वाराही समोरून सुटतो. उजाडताच निघा. पूल नसलेला नाला पार करताना अनवाणी उतरू नका, सँडल घाला, आणि सायकल वाहत्या पाण्याच्या खालच्या बाजूला धरा, नाहीतर धार सायकलच तुमच्या अंगावर ढकलते. धार जोरात असेल तर सामान काढून दोघांनी मिळून एकेक सायकल न्या.

ग्रुप पांगू देऊ नका

माझ्या मते सगळ्यात वाईट चूक हीच. जो तगडा तो पुढे निघून जातो, पंप आणि टूलकिट त्याच्याच बॅगेत, आणि मागच्याचं डोकं दुखायला लागलेलं, म्हणजे उंचीचा त्रास सुरू झालेला, कोणाला दिसतच नाही. सगळ्यात हळू चालवणाऱ्याच्या वेगाने दिवस आखा. टूल, पंप आणि औषधं शेवटच्या माणसाकडे, आणि त्याच्यासोबत कायम आणखी एक जण. भेटायच्या जागा आधीच ठरवा, झिंगझिंगबार, सूरजताल, खिंड, आणि सगळे आल्याशिवाय कोणी पुढे जायचं नाही. जिस्पाच्या पुढचं दारचा गाव सोडल्यावर मोबाइल नेटवर्कच्या भरवशावर राहूच नका.

आणि "सगळे ठीक ना भिया?" असं विचारू नका, उत्तर "हो हो" असंच येतं. जेवण गेलं का, रात्री झोप लागली का, डोकं दुखतंय का, मळमळतंय का, असं एकेक विचारा. शंका आली तर एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत सरळ रेषेत चालायला सांगा. तोल जात असेल, किंवा नुसतं बसूनही धाप लागत असेल, तर थांबून बघत बसू नका, मिळेल त्या गाडीने लगेच खाली न्या, एकटं पाठवू नका. हा निर्णय झिंगझिंगबारलाच घ्यायला हवा, कारण सरचू दोन्हीकडून खिंडींमध्ये अडकलेलं आहे, मागे परतायचं तर पुन्हा बारालाचा चढायचा आणि पुढे लेहकडे नकीला, लाचुंगला. तिथून नीट खाली उतरायची सोय कुठल्याच बाजूला नाही. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची असेल तर इंदूरलाच डॉक्टरांना विचारून घ्या, मित्राच्या स्ट्रिपमधून नाही.

सायकलचं काय तपासायचं

ट्रेनच्या ब्रेकव्हॅनमध्ये किंवा बसच्या टपावर सायकल उजव्या अंगावर पडते आणि डिरेलर हँगर, म्हणजे मागचे गिअर बदलणारा डिरेलर ज्यावर बसवलेला असतो तो छोटा तुकडा, दोन-तीन मिलिमीटर आत वाकतो. सपाटीवर कळत नाही. चढावर सगळ्यात हलका गिअर टाकला की डिरेलरचा पिंजरा (चेन ज्यातून जाते तो खालचा भाग) सरळ स्पोकमध्ये घुसतो आणि मग चाक, चेन, डिरेलर सगळंच जातं. म्हणून मनालीत सायकल जोडली की मागे उभं राहून बघा, पिंजरा आणि चाक एका सरळ रेषेत दिसायला हवेत. हँगर प्रत्येक सायकलचा वेगळा असतो, तेव्हा आपला स्पेअर आपणच न्या. कॅरिअरचे बोल्ट रोज सकाळी आवळा, खराब रस्त्याने ते ढिले होतातच.

खायचं म्हणाल तर भूक लागायची वाट बघू नका, उंचीवर ती लागतच नाही. दर अर्ध्या-पाऊण तासाला चिक्की, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, काहीतरी तोंडात टाका. सेव-नमकीन संध्याकाळी तंबूत काढा, चढावर घसा कोरडा पडतो.

खिंडीवर पोचलात की फोटोआधी घामाचा टीशर्ट बदला, विंडचीटर आणि पूर्ण हातमोजे घाला, कारण उतारावर बोटं बधिर झाली तर ब्रेकच दाबता येत नाही. उतारभर ब्रेक दाबून धरू नका, पुढचा-मागचा आलटून-पालटून दाबा आणि सोडा. रिमब्रेक असेल तर रिम तापून ट्यूब फुटते, डिस्क असेल तर पॅड तापून पकड कमी होते, तेव्हा मधे एक-दोनदा थांबून ते थंड होऊ द्या आणि मागचे आले का बघा.