एसीचा कुबट वास आणि ब्लोअरवरची बुरशी

फोंड्यात जुलैत भिंतींनाही ओल येते, त्यामुळे एसी लावल्यावर येणाऱ्या कुबट वासाकडे घरात कुणी फारसं लक्ष देत नव्हतं. पण वास फक्त सुरुवातीची काही मिनिटं यायचा आणि आईला नेमका तेव्हाच खोकला लागायचा. मेन स्विच बंद करून आत टॉर्च मारला. फिल्टर स्वच्छ होता. मागच्या ब्लोअरच्या, म्हणजे हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याच्या, पात्यांवर मात्र काळे, बोटाला चिकटणारे ठिपके. नुसता फिल्टर धुऊन ही बुरशी जात नाही, हे कृपया लक्षात ठेवा.

मेकॅनिकने खाली प्लास्टिकची पिशवी बांधून कॉइल (हवा थंड करणारी नळ्यांची जाळी) आणि ब्लोअर पंपाने धुतले. शाईसारखं पाणी निघालं! ड्रेन पाइपात शेवाळ अडकून ट्रेमध्ये पाणी साचत होतं. तो मोकळा केला नसता, तर सगळी मेहनत वाया गेली असती.

आता बंद करण्याआधी एसी अर्धा तास फॅन मोडवर ठेवतो, म्हणजे कॉइल सुकते. खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहावी म्हणून पावसात ड्राय मोड लावतो, खिडक्या बंद ठेवतो. आईचा खोकला बराच कमी झालाय. पुढची धुलाई चवथीच्या साफसफाईत उरकून घेणार.