नदीतले जिवाणू मोजताय? आधी या चुका टाळा

कृष्णेत मगर दिसली की सांगलीचा घाट रिकामा होतो. पाण्यातल्या जिवाणूंचा आकडा कुणी सांगितला तर मात्र पोहणारे हसतात आणि सूर मारतात. त्यांना दोष तरी कसा द्यायचा? हौशी मंडळींनी काढलेले बरेच आकडे हसण्याच्याच लायकीचे असतात. दर उन्हाळ्यात नवा गट बाटल्या घेऊन निघतो आणि चुका त्याच.

सगळ्यात मोठी चूक नदीवर होतच नाही. ती नदी ते लॅब या रस्त्यावर होते. पोहण्याच्या शिबिराआधी एका गटातल्या पोरांनी शहराचं सांडपाणी आणणारा शेरी नाला कृष्णेला मिळतो त्याच्या वरून आणि खालून नमुने घेतले. जागा उत्तम निवडल्या होत्या. मग बाटल्या टाकल्या स्कूटरच्या डिकीत, तेही मे महिन्यात. वाटेत मिसळ झाली, एकाच्या मावशीकडे सरबत झालं, आणि लॅबवर पोचले तर कुलूप. रविवार! बाटल्या सोमवारी दिल्या. रिपोर्ट आला तो असा, की नाल्याखालचं पाणी वरच्यापेक्षा स्वच्छ. तो व्हॉट्सॲपवर फिरलासुद्धा. माझ्याकडे आले तेव्हा एकाची शंका होती, "सर, उकाड्यात जिवाणू वाढले असतील, तर थोडे वजा केले तर?" अरे बाबा, किती वजा करणार? गरम बाटलीत ते वाढतात तसे मरतातही. कुठल्या बाटलीत काय झालं हे नंतर कळायला मार्ग नाही. असा नमुना ओतून द्यायचा आणि पुन्हा नदीवर जायचं.

नमुना १० अंश सेल्सिअसच्या खाली हवा, पण गोठलेला नको. सहा तासांत लॅबमध्ये पोचला पाहिजे आणि पुढच्या दोन तासांत तपासणीला लागला पाहिजे. मी आधी लॅबला फोन करतो, मगच घराबाहेर पडतो. शुक्रवारी नमुना घेतच नाही, कारण एमपीएन पद्धतीत (किती नळ्यांत जिवाणू वाढले त्यावरून संख्येचा अंदाज काढतात) नळ्या ४८ तासांपर्यंत बघाव्या लागतात आणि शनिवार-रविवारी त्या बघायला कुणी नसतं. बाटल्या थंड ठेवायच्या डब्यात बर्फ ठेचून घ्यावा, आणि वितळलेलं पाणी बाटलीच्या झाकणापर्यंत चढू देऊ नये.

बाटलीवरची खूण झाकणावर करू नका. झाकणं बदलतात.

दुसरी चूक बाटली भरण्याची. निर्जंतुक केलेली बाटली नदीच्या पाण्यानं विसळणारे महाभाग मी पाहिलेत. विसळायचं असेल तर निर्जंतुक कशाला केली? पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची बाटली काठोकाठ भरतात, ते बघून हीही काठोकाठ भरली जाते. ही तशी भरायची नाही. वर इंचभर हवा सोडायची, म्हणजे लॅबमध्ये नीट हलवता येते. गुडघाभर पाण्यात उतरा, उठलेला गाळ वाहून जाऊ द्या (गाळात जिवाणू मुबलक असतात), प्रवाहाकडे तोंड करून उभे राहा. बाटली उपडी धरून फूटभर खाली न्या आणि तिथे तोंड प्रवाहाकडे वळवा. घाटाच्या पायरीवरून वाकून वरचा तवंग भरणं म्हणजे नमुना नव्हे. आणि हो, मगरीचा भाग असेल तर पाण्यात उतरूच नका, काठीला बाटली बांधा.

ऊन जिवाणू मारतं. त्यामुळे पोहणारे सकाळी सहाला उतरत असतील, तर दुपारी बाराच्या नमुन्याचा त्यांना उपयोग नाही.

पेट्रीफिल्मवाल्यांसाठी (म्हणजे जिवाणू वाढवून मोजायची तयार फिल्म वापरणाऱ्यांसाठी) जरा सविस्तर, कारण घाई तिथेच जास्त दिसते. त्या फिल्मवर पाणी पडतं एक मिलिलिटर. निकष असतात १०० मिलिलिटरचे. म्हणजे एक वसाहत (जिवाणू वाढून दिसणारा ठिपका) दिसली की हिशेबात ती १००. एकही दिसली नाही तर "शून्य" लिहू नका, "१०० पेक्षा कमी" लिहा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या स्नानाच्या निकषात मल-कॉलीफॉर्म (विष्ठेतून पाण्यात येणारे जिवाणू) १०० मिलिलिटरला ५०० पर्यंत असणं इष्ट आणि २५०० ही कमाल मर्यादा आहे. म्हणजे पाच वसाहतींवर सगळा खेळ. एका फिल्मवर निकाल देणाऱ्याशी मी वाद घालत नाही, तीन फिल्म लावायला सांगतो. आणि फ्रिजवर ठेवलेली फिल्म म्हणजे इन्क्युबेटरमध्ये, ठरलेल्या स्थिर तापमानात, ठेवलेली फिल्म नव्हे.

जिवाणू असले की काळी पडणारी एच-टू-एस (हायड्रोजन सल्फाइड) चाचणीची बाटली पिण्याच्या पाण्यासाठी आहे. नदीचं पाणी घातलं तर ती बहुधा काळी पडणारच. त्यातून किती जिवाणू आहेत ते कळत नाही.

राहिला पाऊस. काही जण पावसानंतर जातच नाहीत, काही जण मोठा आकडा मिळावा म्हणून नेमके तेव्हाच जातात. दोघेही नदीबद्दल काही सांगत नाहीत. वार ठरवा, त्या वारी जा, आणि आदल्या दोन दिवसांचा पाऊस वहीत लिहा. समजा पाच आकडे आले: ८०, ११०, ९०, १४० आणि पावसानंतरचा ९,०००. साधी सरासरी १,८८४ येते, गुणोत्तर सरासरी (पाचही आकड्यांच्या गुणाकाराचं पाचवं मूळ) साधारण २५०. जिवाणूंसाठी दुसरी वापरतात. पण म्हणून ९,००० खोडून टाकायचा नाही, त्या दिवशी पाण्यात उतरलेल्या माणसाच्या पोटात सरासरी जात नाही. तो आकडा पावसाच्या नोंदीसकट घाटावरच्या फळ्यावर लिहा.