लिनक्सला यूएसबी-सीरियल बोर्ड जोडण्याआधीची तयारी

यूएसबी-सीरियल बोर्ड म्हणजे आर्डुइनो किंवा ईएसपी३२ सारखा, यूएसबी केबलने संगणकाशी बोलणारा छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड. आधी केबल तपासा. पॉवर बँकेसोबत किंवा स्वस्त चार्जरसोबत आलेल्या कित्येक केबलमध्ये फक्त वीज वाहणाऱ्या दोन तारा असतात, डेटाच्या तारा नसतातच. बोर्डावरचा दिवा लागतो, त्यामुळे केबलवर संशय जात नाही आणि तासभर ड्रायव्हर शोधण्यात जातो. ज्या केबलने फोनमधले फोटो संगणकावर उतरतात तीच हाताशी ठेवा. स्वतःचा अडॅप्टर नसलेला हबही सुरुवातीला टाळा. यूएसबी २.० च्या पोर्टाकडून ५०० मिलिअँपिअरची अपेक्षा धरायची, आणि असा हब तेवढेच सगळ्यांत वाटतो. ईएसपी३२ सारखा बोर्ड वायफाय सुरू करताना जास्त करंट ओढतो आणि तो कमी पडला की पुन्हापुन्हा रीसेट होतो.

ड्रायव्हर मात्र उतरवून ठेवू नका. बोर्डावर यूएसबीचे सीरियलमध्ये रूपांतर करणारी चिप असते. सीएच३४०, एफटीडीआय, सीपी२१०२ या तिन्ही चिपांचे ड्रायव्हर कर्नलबरोबरच (लिनक्सच्या गाभ्याबरोबरच) येतात.

आता टर्मिनलमध्ये ‘सुडो डीएमईएसजी -डब्ल्यू’ (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) चालू ठेवून बोर्ड लावा, आणि दुसऱ्या खिडकीत ‘एलएसयूएसबी’ (जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी) चालवा. (कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत.) यादीत १ए८६:७५२३ दिसला तर सीएच३४०, ०४०३:६००१ दिसला तर एफटीडीआय, १०सी४:ईए६० म्हणजे सीपी२१०२. नवी ओळच आली नाही तर दोष केबलचा, पोर्टाचा किंवा बोर्डाचा. सॉफ्टवेअरला हात लावू नका. ओळ आली पण ‘टीटीवाययूएसबी०’ (बोर्डाशी बोलण्याच्या सीरियल पोर्टाचे नाव) तयार झाले नाही, तर ड्रायव्हर लोड झालेला नाही. आर्च या लिनक्स वितरणावर कर्नल अपडेट करून रीबूट राहिले की हमखास असे होते, कारण चालू कर्नलची मॉड्यूल (ड्रायव्हरच्या फाइल) डिस्कवरून गेलेली असतात. मूळ आर्डुइनो उनो ‘टीटीवायएसीएम०’ या नावाने येतो, तेव्हा तेही नाव पाहा.

उबुंटू २२.०४ वर सीएच३४० असेल तर एक जागा नीट बघा. पोर्ट तयार होतो आणि लगेच ‘डिसकनेक्टेड’ येते, आसपास ‘बीआरएलटीटीवाय’ हे नाव दिसते. ही ब्रेल डिस्प्ले चालवणारी सेवा आहे. एका ब्रेल उपकरणाचा क्रमांकही १ए८६:७५२३ च असल्याने ती तुमच्या बोर्डाला ब्रेल समजून ताब्यात घेते. संगणकावर ब्रेल कोणीच वापरत नसेल तर ‘सुडो एपीटी रिमूव्ह’ने ते पॅकेज काढा. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला सामायिक संगणक असेल तर कृपा करून काढू नका, एखाद्या अंध विद्यार्थ्याचा तोच आधार असू शकतो. त्याऐवजी त्या सेवेची यूडेव्ह (उपकरण लावल्यावर काय करायचे ते ठरवणारी व्यवस्था) नियमांची फाइल त्याच नावाने ‘/ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी’मध्ये कॉपी करा आणि तिथे या क्रमांकाच्या ओळीपुढे # लावा. ईटीसीमधली फाइल मूळ फाइलवर मात करते, आणि पॅकेज अपडेट झाले तरी टिकते.

पोर्ट आहे, पण ‘परमिशन डिनाइड’ येते? डेबियन, उबुंटू, फेडोरावर ‘डायलआउट’ गटात आणि आर्चवर ‘यूयूसीपी’ गटात स्वतःचे नाव घाला: ‘सुडो यूजरमॉड -एजी डायलआउट’ आणि पुढे तुमचे यूजरनेम. पर्यायातला ‘ए’ लहान लिपीतला, ‘जी’ मोठ्या लिपीतला. ‘ए’ विसरलात तर बाकीच्या अतिरिक्त गटांतून तुम्ही बाहेर पडता, त्यात सुडो वापरू देणारा गटही असतो. मग पूर्ण लॉगआउट करून पुन्हा आत या. नुसते टर्मिनल बंद करून भागत नाही. ‘सीएचमॉड ६६६’ने तात्पुरते काम होते, पण बोर्ड काढून लावला की परवानगी पूर्ववत होते.

दोन बोर्ड वापरणार असाल तर प्रोग्राममध्ये ‘टीटीवाययूएसबी०’ लिहू नका, लावण्याच्या क्रमानुसार तो आकडा बदलतो. ‘/डेव्ह/सीरियल/बाय-आयडी’मधले नाव वापरा. सीएच३४० वर सहसा अनुक्रमांक नसतो, म्हणून दोन सारखे बोर्ड तिथे एकाच नावाने भांडतात. त्यांच्यासाठी ‘बाय-पाथ’ घ्या. तो पत्ता पोर्टाचा असतो, बोर्डाचा नाही, तेव्हा कोणता बोर्ड कुठे लावायचा ते पोर्टाशेजारी चिकटपट्टीवर लिहून ठेवा.