पुण्यात कमी पैशात नॉयर थ्रिलर कसा शूट करायचा

नॉयर म्हणजे काळोख, सावल्या आणि गुपितांचा गुन्हेपट. आधी गोष्ट, कॅमेरा नंतर. दुःख आणि गुपित एकत्र आणायला आपल्याकडे रेडिमेड प्रसंग आहे, दहावा. ओंकारेश्वरच्या घाटावर पिंड ठेवलाय, कावळा काही शिवत नाहीये, घरातले एकेक जण पुढे येऊन हात जोडून काहीतरी कबूल करतायत आणि धाकटी सून मात्र मागेच उभी, बास, तिथून पिक्चर सुरू. (खऱ्या लोकांच्या दहाव्यात कॅमेरा घुसवू नका प्लीज, घाटासारखी दुसरी जागा शोधा.) तिचं गुपित डायलॉगमधून सांगायचं नाही, गॅसच्या पुस्तकात लपवलेली सोनाराची पावती दाखवा, काम होतं.

पेठेतला जुना वाडा मिळाला तर सोनंच, सेटचा खर्च वाचला. लाइट एकच, पिवळा बल्ब, तोही बाजूने, म्हणजे अर्धा चेहरा काळोखात जातो, पण पलीकडच्या पांढऱ्या भिंतीवरून उजेड परत येतो आणि सगळी वाट लावतो म्हणून तिथे काळं कापड टांगा. जिन्याच्या कठड्यामागून लाइट मारला की गजांच्या सावल्या फुकटात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे कॅमेऱ्यात सेकंदाला २५ फ्रेम्स आणि शटर १/५० सेकंद ठेवा, नाहीतर ट्यूबलाइट फ्लिकर मारते, म्हणजे शूटमध्ये लुकलुकताना दिसते.

पाऊस जुलैत फुकट, पण पत्र्यावरच्या आवाजात डायलॉग गेलाच समजा, सरळ नंतर डब करा. रस्त्यावर ट्रायपॉड लावणार असाल तर परवानगी आधी काढा, रात्री दोनला पोलिसांना नॉयर समजावत बसायला लागतं.