फरशीवरचं फिनिश बिघडलं? वरून आणखी एक हात मारण्याआधी हे तपासा

दवाखान्याचा कॉरिडॉर असो, शाळेचा वर्ग असो की दुकान, व्हिनाइलच्या फरशीवर चकाकणारं फिनिश बहुतेक वेळा पाण्यातलं ॲक्रिलिक पॉलिमर असतं. पाणी उडून गेलं की पॉलिमरचे कण एकमेकांत मिसळतात आणि पातळ, कडक थर जमतो. तो नीट जमला नाही की चकाकी जाते, आणि मग वरून आणखी एक हात मारला जातो. तो मारू नका. खालचं दुखणं तसंच राहतं आणि उद्या खरवडायचं काम तेवढं वाढतं.

आधी दोन चाचण्या करा

काळं सुती कापड बोटाभोवती गुंडाळून कोरड्या फरशीवर जोरात घासा. कापडावर पिठासारखी पांढरी भुकटी आली, तर थर कडक झालेलाच नाही. मग चिकटपट्टीचा तुकडा फरशीवर घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर पापुद्रा निघाला, तर थराने फरशी धरलेलीच नाही. दोन्हीत काही सापडलं नाही, तर दोष वरवरचा असण्याची शक्यता जास्त.

भुकटी किंवा पापुद्रे निघत असतील तर

नव्याने केलेल्या फरशीवर पहिला संशय स्ट्रिपरवर घ्या. जुनं फिनिश काढणारं हे द्रावण तीव्र अल्कलीयुक्त असतं; त्याचा सामू (pH) बऱ्याचदा 11 ते 13 असतो. बऱ्याच फिनिशमध्ये पॉलिमरच्या साखळ्या जस्ताने बांधलेल्या असतात आणि स्ट्रिपर नेमके तेच बंध तोडतो. धुताना तो मागे राहिला, की नव्या थरालाही पक्का होऊ देत नाही. एका लांब कॉरिडॉरमध्ये मधला पट्टा आरशासारखा आणि भिंतीलगतचा वीतभर पट्टा पिठूळ, असं मी पाहिलं आहे. मशीन मधोमध फिरतं, कडा मात्र हातानेच धुवाव्या लागतात, आणि त्याच राहून गेल्या होत्या.

यावर उपाय एकच: तेवढा भाग पुन्हा खरवडा, स्ट्रिपर वाळू न देता उचला आणि स्वच्छ पाण्याने निदान दोनदा धुवा. दर वेळी बादलीतलं पाणी नवं घ्या. शेवटी ओल्या फरशीवर सामू मोजायची कागदी पट्टी टेकवा. साध्या पाण्यात बुडवलेल्या पट्टीसारखाच रंग आला, तरच पुढे जा. संगमरवर आणि टेराझोवर उरलेल्या स्ट्रिपरचा परिणाम घालवण्यासाठी आम्ल वापरू नका, दगड खाल्ला जातो.

धुणं चोख असूनही भुकटी आली, तर गारठा आठवून पाहा. साधारण 10 अंश सेल्सिअसखाली थर नीट जुळत नाही. पंखा थेट फरशीवर रोखला, तरी वरची साय आधी वाळते आणि खाली ओल अडकते. हवा खेळती ठेवा, पण झोत फरशीवर नको.

वळ, ढगाळपणा, पिवळेपणा

मॉपचे वळ उमटतात ते अर्धवट वाळलेल्या थरावर मॉप परत फिरवल्याने. ढगाळपणा बहुधा घाईचा असतो: आधीचा हात वाळायच्या आत दुसरा. 30 ते 45 मिनिटं थांबा, दमट हवेत त्याहून जास्त. हाताची मागची बाजू टेकवून चिकट लागतं का ते पाहा.

पिवळेपणा म्हणजे बहुतेक वेळा थरांमध्ये कोंडलेली घाण. वापरलेलं फिनिश डब्यात परत ओतू नका आणि स्ट्रिपरचा मॉप फिनिशला लावू नका. भिंतीलगत कोणी चालत नाही, तिथला थर झिजत नाही, म्हणून कडा आधी पिवळ्या पडतात. सुरुवातीचे हात भिंतीपासून वीतभर अलीकडे थांबवा. शेवटचा तेवढा कडेपर्यंत न्या.

सॅनिटायझरच्या बाटलीखाली पांढरे ठिपके दिसले, तर ते थेंबांतल्या अल्कोहोलचे. बाटलीखाली ताट ठेवा.

फरशी घसरडी लागत असेल तर

इथे चकाकीचा विचार बाजूला ठेवा. आधी वाट बंद करा, कारण इथे माणूस पडतो. मग तेल लावलेला धुळीचा मॉप, फर्निचरच्या पॉलिशचा उडालेला फवारा, किंवा जास्त साबण घालून पुसलेलं पाणी, यांतलं काय झालं ते विचारा. तटस्थ, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही अशा क्लीनरने घासून साध्या पाण्याने धुवा आणि वाळल्यावर बुटाचा तळवा टेकवून पाहा. तरीही घसरत असेल तर थर काढावाच लागेल.

वाचवायचं की काढायचं?

चिकटपट्टीला काही लागलं नाही आणि नुसतेच ओरखडे, टाचांचे काळे डाग असतील, तर सगळं खरवडायची गरज नाही. हिरव्या किंवा निळ्या पॅडने तटस्थ क्लीनर लावून वरची झीज घासून काढा. काळा पॅड नको, तो सगळं काढण्यासाठी असतो. धुवा, वाळू द्या आणि एक-दोन पातळ हात मारा. एका लिटरमध्ये एका हातासाठी साधारण 45 ते 50 चौरस मीटर फरशी व्हावी. त्याहून बरीच कमी होत असेल, तर हात जाड पडतोय.

शेवटच्या हातानंतर 24 तास ओला मॉप फिरवू नका, आणि रबराच्या तळाच्या चटया तोवर गुंडाळूनच ठेवा.