शाळा-कॉलेज सांभाळून स्वयंसेवा: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

कुठलं काम करावं हा प्रश्न नंतरचा. आधी वेळापत्रक समोर घ्या, परीक्षांच्या तारखांवर खुणा करा, प्रत्येक परीक्षेआधीचे दोन आठवडे वगळा आणि उरलेल्या दिवसांत आठवड्यातले कोणते दोन तास खरोखर मोकळे आहेत ते शोधा. आठवड्याला दोन तास, सलग बारा आठवडे, एवढंच कबूल करा. महिन्यातून एकदा येऊन दिवसभर राबणाऱ्यापेक्षा दर शनिवारी चार ते सहा हजर असणारा संस्थेच्या जास्त कामी येतो. नव्या माणसाला काम समजावण्यात कुणा तरी कर्मचाऱ्याचा वेळ जातो आणि तो भरून निघायला तीन-चार खेपा लागतात. दोनदा येऊन गायब होणारा मुलगा म्हणजे संस्थेचं निव्वळ नुकसान, मग तो कितीही उत्साही असो.

एकदिवसीय मोहिमा वाईट नाहीत. ५ डिसेंबरला, म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघाने १९८५ साली ठरवलेल्या आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिनाच्या आसपास, अशा मोहिमा निघतात. संस्था कशी चालते, माणसं एकमेकांशी कशी बोलतात, हे बघायला तिथे जरूर जावं. बारा आठवड्यांचा शब्द मात्र ते बघून झाल्यावर द्यावा.

विचारणा करताना नुसता ‘मला मदत करायची आहे’ असा निरोप धाडू नका, त्याला उत्तर द्यायचं तरी काय? असं लिहा: ‘मी दहावीत आहे, वय १५. पुढचे तीन महिने दर शनिवारी ४ ते ६ येऊ शकते. टायपिंग येतं, लहान मुलांना वाचून दाखवायची सवय आहे. घरच्यांची परवानगी आहे. भेटायला कधी येऊ?’ चार दिवसांत उत्तर आलं नाही तर फोन करा. लहान संस्थांमध्ये पत्रं वाचायला वेगळा माणूस नसतो, तेव्हा उत्तर न येणं म्हणजे नकार असं समजू नका.

पहिल्या भेटीत चार गोष्टी विचारून घ्या. माझ्या कामावर देखरेख कोणाची? पालकांच्या संमतीचा फॉर्म आहे का? काही लागलं-खुपलं तर काय करायचं? फोटो काढायला परवानगी कोणाची लागते? या प्रश्नांवर कोणी वैतागलं तर दुसरी संस्था बघा. औषधं देणं, रुग्णाला उचलणं, रोख पैसे सांभाळणं किंवा कुणाच्या घरी एकटं जाणं ही कामं अठरा वर्षांखालच्या स्वयंसेवकांना सांगू नयेत. सांगितली तर स्पष्ट ‘नाही’ म्हणा आणि घरी कळवा.

आता कामाकडे. किशोरवयीन मुलांना चांगली जमणारी दोन कामं आहेत: लहान मुलांचं वाचन घेणं आणि ज्येष्ठांना फोन शिकवणं. दोन्ही वरवर सोपी वाटतात.

वाचन घेताना मुलाच्या समोर नको, शेजारी बसा, म्हणजे पुस्तक दोघांनाही सुलट दिसेल. बसण्याची जागा उघड्यावर किंवा दार उघडं असलेल्या खोलीत असावी. हा नियम मुलाच्या सुरक्षिततेसाठी आहे आणि तुमच्याही. पुस्तक निवडताना एक पान वाचायला द्या आणि मूल किती शब्दांवर अडतं ते बोटांवर मोजा. एखाद्याच शब्दाला अडलं तर पुस्तक सोपं, दोन-चार अडले तर योग्य, पाच किंवा जास्त अडले तर आज ते तुम्ही वाचून दाखवा आणि त्याला दुसरं द्या. मूल अडलं की लगेच शब्द सांगू नका. मनात पाच आकडे मोजा. हे भलतंच लांब वाटतं, पण बहुतेकदा शब्द तेवढ्यात सुटतो. नाहीच सुटला तर जोडाक्षर फोडून द्या, तरीही नाही तर सरळ सांगून पुढे चला. प्रत्येक चूक दुरुस्त करू नये. ‘बोलला’च्या जागी ‘म्हणाला’ वाचलं तर सोडून द्या. ‘घर’चं ‘घार’ झालं तर वाक्य संपू द्या आणि विचारा, ‘घारीत राहतो? बघ बरं परत.’ अक्षरं जोडत-जोडत वाचणारी मुलं वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरतात. तेव्हा ते वाक्य एकदा तुम्ही, शब्दांखाली बोट फिरवत, नेहमीच्या चालीत वाचा. वीस मिनिटं पुरेत. त्यानंतर लक्ष उडतं आणि मग चिडचिड दोन्हीकडून सुरू होते.

फोन शिकवताना पहिला नियम: फोन त्यांच्याच हातात राहील. तुम्ही झटझट करून दाखवलंत तर आजी ‘हं, कळलं’ म्हणतात आणि घरी जाऊन काहीच जमत नाही. सुरुवातीला अक्षरांचा आकार, स्क्रीनचा उजेड आणि रिंगचा आवाज वाढवून घ्या, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. ‘मी दाबते पण भलतंच उघडतं’ ही तक्रार असेल तर बोट बघा. बोट जास्त वेळ टेकलेलं राहतं आणि फोन त्याला ‘दाबून ठेवलं’ असं समजतो. बऱ्याच फोनमध्ये सुलभतेच्या सेटिंगमध्ये हा वेळ वाढवता येतो. एका बैठकीत एकच गोष्ट शिकवा, जसं की व्हिडिओ कॉल उचलणं. पायऱ्या पाचपेक्षा जास्त नसाव्यात. त्या कागदावर ठळक अक्षरांत, त्यांनीच वापरलेल्या शब्दांत लिहून द्या. त्या ‘हिरवं गोल’ म्हणत असतील तर ‘हिरवं गोल’च लिहा. पुढच्या वेळी सुरुवात उजळणीने, आणि तुम्ही हात मागे बांधून.

पैशांची कामं पूर्णपणे टाळा. ‘तूच टाक गं पिन’ असं हमखास म्हटलं जातं. तेव्हा मान फिरवून सांगा, ‘आजी, हा नंबर मला सांगू नका, घरच्यांसोबत करा.’ ओटीपीचंही तेच. पुढे कधी पैसे गेले तर ज्याने पिन ऐकला त्याच्याकडे आधी बोट दाखवलं जातं.

गडबडी होतात त्या बहुतेक ठरलेल्या. न कळवता दांडी मारणं ही सगळ्यात मोठी. आजारी पडायला हरकत नाही, पण निरोप आदल्या रात्री गेला पाहिजे. दुसरी गडबड शब्द देण्याची. ‘पुढच्या वेळी तुला रंग आणून देईन’ हे तुम्ही विसरता, मूल विसरत नाही. तिसरी, एखाद्या मुलाचं बोलणं ऐकून स्वतःच ते सोडवायला जाणं. घरी मारतात असं कुणी सांगितलं तर गुपित पाळायचं वचन देऊ नका, त्याच दिवशी देखरेख करणाऱ्या ताई-दादांना सांगा.

नोंदी ठेवा. तारीख, वेळ, काय केलं आणि दर महिन्याला प्रमुखांची सही, एवढं वहीत असलं की झालं. प्रमाणपत्रासाठी येणाऱ्यांकडे बघून नाकं मुरडण्याची पद्धत आहे. आम्हाला त्यात काही गैर वाटत नाही, काम नीट झालं म्हणजे झालं. फक्त ते शेवटच्या दिवशी नको, दोन आठवडे आधी मागा आणि त्यात एकूण तास आणि कामाचं स्वरूप लिहून घ्या. अर्जात लिहिताना ‘समाजसेवेची आवड’ याने काहीच कळत नाही. ‘२४ तास, दुसरीच्या चार मुलांचं वाचन घेतलं, दर आठवड्याची नोंद ठेवली’ याने कळतं.

थांबायचं असेल तर तीन आठवडे आधी सांगा, मुलांनाही सांगा. पुढच्या स्वयंसेवकासाठी एक पान लिहून ठेवा: कोण कुठल्या पुस्तकावर आहे, कोणाला कोणत्या जोडाक्षरात अडचण येते, कोणाला मोठ्याने वाचायची लाज वाटते. आजी-आजोबांचे पायऱ्यांचे कागद कुठे आहेत तेही लिहा. ओळखपत्र आणि कपाटाची किल्ली परत करून सही घ्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटातून बाहेर पडण्याआधी त्यातले तुमच्याकडे असलेले मुलांचे फोटो पुसून टाका.